पहिली आंघोळ पाहुण्याची

आमच्या जव्हारच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बिडाच्या टबात बसले होते. अंगात पूर्ण कपडे, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजपट्टी, आणि टब ठणठणीत कोरडा. काकूंनी मला दारापर्यंत नेऊन सांगितलं, "ह्या मॅडम खोली बघायला आल्यात." टबातून न उठता ते म्हणाले, "खोली मिळेल. आधी आंघोळीचं ठरवू. सहा दहाची भरलेली आहे. सहा तीसला जागा आहे. चालेल?"

मी म्हटलं, चालेल. दुसरं काय म्हणणार? मोखाड्याला पंचायत समितीत माझी नेमणूक झालेली, तिथे मनासारखी खोली मिळेना, म्हणून जव्हारला राहून रोज जीपने जा-ये करायचं ठरवलेलं, आणि दिवसभर बॅग वागवून खांदा निघायला आलेला. त्या घडीला सहा तीसला विहिरीत उडी मारा म्हटलं असतं तरी मी वेळ लिहून घेतली असती.

काका एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण ते एसटीला कळलं होतं, काकांना नाही. मागच्या पडवीत पत्र्याचा आडोसा केलेली न्हाणी होती. आत एक काळा दगड, त्यावर बसून आंघोळ करायची. तिच्या दाराला फळा टांगलेला आणि फळ्यावर खडूने वेळापत्रक: काकू ५.५०, स्वतः ६.१०, मॅडम ६.३०. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'गाडी लागली म्हणजे सुटलीच असे नाही.' म्हणजे बंबातलं पाणी तापलेलं दिसलं तरी हाक मारल्याशिवाय आत जायचं नाही. एकदा मी सहा पस्तीसला गेले तर माझ्या नावापुढे 'रद्द' लिहिलेलं. भांडून उपयोग झाला नाही. तशीच पारोशी ऑफिसला गेले आणि दिवसभर साहेबांपासून चार हात लांब बसले.

न्हाणीत एक दोरी होती. ती ओढली की स्वयंपाकघरात पितळी घंटी वाजायची. जुन्या मोडीत निघालेल्या गाडीतली घंटी काकांनी कुठूनशी मिळवली होती. एक टोला म्हणजे थांबा, काहीतरी अडचण आहे. दोन टोले म्हणजे सगळं ठीक, चला. मी भीतभीत दोन टोले द्यायची. काकूंनी मात्र कधी त्या दोरीला हात लावला नाही. "मी काय कंडक्टर आहे?" एवढंच म्हणायच्या आणि आंघोळ आटोपून निघून जायच्या.

पण काकांचा जीव होता तो दुसऱ्याच न्हाणीघरात. घराच्या पुढच्या बाजूला, ओटीला लागून, कुलूपबंद. ते काकांच्या आजोबांनी संस्थानाच्या काळात बांधलेलं. आजोबा जंगलखात्यात कारकून. मुंबईहून कोणी बडा साहेब शिकारीला येणार आणि आपल्याकडे उतरणार, अशी त्यांना कुणीतरी थाप मारली. साहेब म्हणजे टब पाहिजे. मग बैलगाडीतून घाट चढवून टब आणला. बाहेरून बीड, आतून पांढरा मुलामा, खाली वाघाच्या पंजाचे चार पाय. पितळी नळ आणले, काळ्या-पांढऱ्या फरश्या बसवल्या, खिडकीला तांबडी-हिरवी काच घातली. साहेब आलाच नाही. आजोबांनी घरच्यांना बजावून ठेवलं, पहिली आंघोळ पाहुण्याची. तोवर कुणी त्यात बोट भिजवायचं नाही.

आणि ती माणसं अशी वस्ताद, की तीन पिढ्या कुणी भिजवलं नाही. मी विचारलं, "इतक्या वर्षांत एकही पाहुणा आला नाही?"

"आले की," काका म्हणाले, "पण सगळे आपल्यातलेच, रीतभात असलेले. पाहुणा म्हणायचा, आधी घरच्यांनी घ्यावी. घरचे म्हणायचे, आधी पाहुण्यांनी. कुणी कुणाला मागे सारून पुढे जाणार नाही. मग दोघेही मागच्या दगडावर."

टब तेवढा रिकामा ठेवला नव्हता. त्यात नागलीचं बियाणं राहायचं. उन्हाळ्यात पेंढा घालून आंबे पिकत ठेवायचे. एका पावसाळ्यात खुडूक कोंबडी बसवली होती, तिची अकरा पिल्लं निघाली. काका तान्हे असताना आई शेतावर जायची ती त्यांना गोधडीसकट टबात ठेवून, कारण तिथून बाहेर पडायची सोय नाही. "माझं बालपण टबात गेलं," काका छाती काढून सांगायचे, "पण कोरडं."

मी बार्शीकडची. आमच्याकडे आठवड्यातून एकदा नळाला पाणी आलं तर गल्लीत पेढे वाटतील. आंघोळ दोन तांब्यांत उरकून उरलेलं पाणी झाडाला घालायची आम्हाला सवय. त्यामुळे तीस-चाळीस कळशा पाणी पिणारं ते धूड मला बघवत नसे. मी काकांना म्हटलं, "बरं झालं साहेब आला नाही ते. तालुक्याची विहीर आटली असती." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फळ्यावर मात्र वेळ चोख लिहीत होते.

मी तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात काकू त्या मागच्या दगडावरून घसरल्या. गुडघे आधीच गेलेले, दगड बुटका, वर शेवाळ. मनगट मोडलं, महिनाभर प्लास्टर. ज्या दिवशी प्लास्टर कापलं त्या दिवशी काकूंनी आमटी वाढता वाढता, आवाज जराही न चढवता सांगितलं, "दिवाळीची पहिली आंघोळ मी त्या टबात पाय सोडून करीन. न्हाणीघर झालं नाही तर नाशिकला लेकीकडे जाईन, ती परत यायची नाही. तिच्याकडे गिझर आहे. आणि फळा नाही."

मला वाटलं बोलायचं म्हणून बोलल्या. संध्याकाळी त्यांनी मला खाटेखालची तपकिरी रेक्झिनची बॅग दाखवली. चेन तुटलेली, वरून सुतळी बांधलेली. आत चार लुगडी, औषधं आणि जपाची माळ होती. मी ती घाईने परत खाटेखाली सारली, कारण त्या घरात मी राहत होते ती काकूंच्या जिवावर.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाजारातून शॉवर आणि गिझर आणला असता, पंधरा दिवसांत काम संपलं असतं. हार्डवेअरवाल्याने तसं सांगितलंही. काका त्याला म्हणाले, "जुन्या गाडीला नवं इंजिन एक वेळ चालेल, पण पाटी तीच पाहिजे." आणि आजोबांचं न्हाणीघर जसंच्या तसं उभं करायचा घाट त्यांनी घातला. नऊ दिवस चिंचेने नळ घासत होते. हातांची सालं निघाली, नळ मात्र लखलखले.

मग निघाला पंजाचा विषय. टबाच्या चार पंजांपैकी एक गायब होता. त्या कोपऱ्याखाली वरवंटा लावलेला. तो पंजा मोखाड्याच्या चुलत भावाने नेला, अशी काकांची खात्री होती, आणि त्यावरून बावीस वर्षं दोघांचा अबोला होता. एका बाजाराच्या दिवशी काका माझ्याबरोबर जीपने मोखाड्याला आले, भावाच्या घरी गेले, रामराम न करता वाकून त्याच्या खाटेखाली बघितलं, आणि परत आले. भाऊ बिचारा जेवायला बसलेला, घास हातात तसाच राहिला.

पंजा मिळाला तो आमच्याच स्वयंपाकघरात. काकू लोणच्याच्या बरणीवरचा दादरा सोडत होत्या आणि मी शेजारी बसले होते. आत कैऱ्यांवर दडपण म्हणून काय ठेवलेलं, तर वाघाचा पंजा.

"हा तो होय?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं कसलं तरी वजन आहे. वीस-बावीस वर्षं कैऱ्या दाबतोय बिचारा."

इतक्या वर्षांत काका एकदा जरी स्वयंपाकघरात बरणी उचलायला गेले असते तर भाऊ वाचला असता. त्यांनी भावाला फोन लावला. म्हणाले, "पंजा सापडला." तिकडून त्याने विचारलं असावं, कुठे. काका म्हणाले, "ते जाऊ दे," आणि फोन ठेवला. पंजा टबाला बसवल्यावर त्या न्हाणीघरात कितीतरी दिवस मेथी आणि हिंगाचा वास येत होता.

फरशीचं काम देवजीकडे. देवजी जवळच्याच वांगणीचा, हात चांगला असलेला गवंडी. भाताची कापणी झाली की दरवर्षी ठाण्याकडे बांधकामावर जायचा. गणपती झाल्यावर काकांनी त्याला आणलं. तो पडवीत झोपायचा, आमच्यातच जेवायचा. जुन्या फरश्या उचकटून धुऊन परत बसवायच्या, एवढंच काम. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाबा, ढलान ठेवायला लागल. पानी मोरीकडं गेला पायजे."

"मूळ फरशी सपाट होती," काका म्हणाले. "जशी होती तशीच हवी."

"मूळ फरशीवं कोन न्हालाच नाय, तं कलनार कसा ती बरोबर व्हती का चुकीची?"

इतकं सरळ बोलणं मी आमच्या ऑफिसातसुद्धा ऐकलेलं नाही. पण काकांनी लेव्हलपट्टी विकत आणली होती, आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ते एक फरशी पुढे जाऊ देईनात. फरशीला फरशी लागली की गुडघ्यांवर बसायचे, पट्टी ठेवायचे, श्वास रोखून बघायचे. देवजीने दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमचा घर, तुमचा बुडबुडा," आणि सांगतील तसं करत गेला.

फरशी झाली, आरशासारखी सपाट. दिवाळीला बारा दिवस होते. काकांनी मोठ्या थाटात दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी घटकाभर तिथेच उभं राहिलं, मग सावकाश उंबऱ्याकडे वळलं, ओटीवर आलं, काकांच्या खुर्चीखालून गेलं आणि माझ्या खोलीत शिरलं. खोलीत जमिनीवर मी ऑफिसचे अर्ज गावांप्रमाणे लावून ठेवले होते. त्यातली दोन गावं पूर्ण बुडाली. मी त्या दिवशी काकांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. काकूंनी मात्र फडकं आणून मला दिलं आणि त्याच हाताने खाटेखालची बॅग थोडी पुढे ओढली.

आता सगळी फरशी उचकटायची, उतार काढायचा, परत बसवायची. देवजी म्हणाला, करतो, पण आज नाही. "भात उभा हाय. आता नाय कापला तं पाखरा खातील. कापून येतो." त्याचंही खरं होतं. काका त्याला जीपपर्यंत पोचवायला गेले आणि पुन्हापुन्हा विचारत राहिले, भात किती आहे, माणसं किती आहेत, मी येऊ का कापायला. देवजी हसला. काकांना विळा धरता येत नाही, हे सगळ्या जव्हारला माहीत होतं.

दिवाळी आली तेव्हा काकांनी फरशी उचकटून ठेवली होती आणि न्हाणीघरात फुटलेल्या सिमेंटचा ढीग होता. मला दोनच दिवस सुट्टी, बार्शीला जाऊन येण्यातच संपली असती, म्हणून मी तिथेच राहिले. नरक चतुर्दशीला पहाटे काकूंनी मागच्या दगडावर आंघोळ केली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. उटणं लावलं, पणती लावली, आम्हाला फराळ वाढला. मग सुतळी आवळून बॅग उचलली. काका म्हणाले, "आठ दिवसांचं काम राहिलंय." काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे."

स्टँडवर आम्ही तिघे गेलो. गाडी लागल्यावर काका सवयीने ताठ उभे राहिले, तोंडाशी हात धरला आणि सुरू केलं, "नाशिकला जाणारी गाडी..." पुढचे थांबे त्यांना आठवेनात. पस्तीस वर्षं रोज म्हटलेले. शेवटी एका भलत्याच बाईने ते सांगितले. काकू खिडकीतून बघत होत्या.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मी काकांवर चिडलेलीच होते, तरी वाईट वाटायचं. फळ्यावर 'काकू ५.५०' तसंच होतं. काका रोज बंब पेटवायचे, बरोब्बर पाच पन्नासला आडोशापाशी उभं राहून म्हणायचे, "गाडी लागली." मग वीस मिनिटं थांबायचे. मग ते तापलेलं पाणी तुळशीपाशी गार करत ठेवायचे आणि स्वतःसाठी नवं तापवायचे. माझ्या बार्शीच्या जिवाला ते सोसेना. एकदा म्हटलं, "काका, कशाला हे? पाणी फुकट, लाकडं फुकट."

"रिकामी असली तरी गाडी सोडावी लागते, मॅडम," ते म्हणाले.

भात झोडून देवजी आला. या वेळी काकांनी लेव्हलपट्टी स्वतःच माळ्यावर टाकली. देवजीने लिंबू मागितलं. थोडी फरशी झाली की तो दाराशी लिंबू ठेवायचा, आणि ते आपलं आपण घरंगळत मोरीपाशी जाऊन थांबायचं. काम संपल्यावर काकांनी स्वतः वीस वेळा लिंबू सोडलं. घंटीची दोरीही जुन्या न्हाणीतून काढून इथे आणून बसवली. मग नाशिकला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण काकांना बटण सापडत नसे.

"झालं बघ," काका म्हणाले.

"कुणी आंघोळ केली का त्यात?"

"अजून नाही."

"मग आधी कुणीतरी करू दे. पाणी जायचं तिकडे जातंय असं त्या माणसाने मला स्वतः सांगावं. मग बघते. तुमच्या बुडबुड्यावर माझा विश्वास नाही." आणि फोन बंद.

झाली का पंचाईत? कुणीतरी आंघोळ केल्याशिवाय काकू येणार नाहीत, आणि पहिली आंघोळ पाहुण्याचीच. मी म्हटलं, मी करते, उरकून टाकू. तर म्हणाले, "तुम्ही भाडेकरू." देवजीचं नाव काढलं तर म्हणाले, "तो घरचा माणूस. दोन महिने आपल्यात जेवतोय." देवजी म्हणाला, "मना नकोच. मी त्यात बुडन." मग काकांनी मोखाड्याच्या चुलत भावाला बोलावलं. तो बावीस वर्षांचा राग विसरून टॉवेल घेऊन आला. टबात पाणी भरलं. भाऊ म्हणाला, "आधी तू, तू मोठा." काका म्हणाले, "आधी तू, तू पाहुणा." मी घड्याळ लावून बसले होते, पंचवीस मिनिटं हे चाललं. पाणी गार झालं. शेवटी दोघेही मागच्या दगडावर आंघोळ करून आले आणि चहा प्यायले. मी डोक्याला हात लावला.

पुढच्या रविवारी मी बाजारात भाजी घेत होते तर रोजचा जीपवाला हसत हसत आला. "मॅडम, तुमचे मालक शिरपामाळवर आहेत. लोकांना आंघोळीला बोलावतायत."

मी तशीच त्याच्या जीपमध्ये बसले. शिरपामाळवर रविवारची फिरायला आलेली मंडळी होती, फोटो वगैरे काढत होती, आणि त्यांच्यामधून आमचे काका हिंडत होते. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर कोरा टॉवेल. एका जोडप्यासमोर उभे राहून अदबीने म्हणाले, "नमस्कार. कुठून आलात? प्रवासात धूळ बसली असेल. आमच्याकडे टब आहे." ती दोघं मागच्या मागे सरकत गाडीत जाऊन बसली आणि काचा वर केल्या. मग काकांनी एक कुटुंब गाठलं. त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "होमस्टे आहे का? नाश्ता धरून?"

"नाश्ता नाही. नुसती आंघोळ."

"आणि पॅकेजमध्ये काय काय येतं?"

"टॉवेल," काका म्हणाले.

त्यांची बायको मध्येच स्वतःची बाही हुंगून नवऱ्याला हळूच विचारायला लागली, "माझ्या अंगाला वास येतोय का हो?" तिचा चेहरा रडवेला झाला होता. मी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला आणि जे चाललंय ते सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "टॉवेल कोणता घेतलाय?"

"हिरव्या काठाचा."

"तो माझा आहे. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघून दुपारी त्या आल्या. मी हाफ डे टाकून घरीच थांबले होते. काकू लंगडत अंगणात आल्या, हातात तीच बॅग, आणि चेहरा असा की मी मागे सरले. काका ओटीवरून धावले, बॅगेला हात घातला, आणि एकदम थबकले. बॅगेकडे बघितलं. काकूंकडे बघितलं.

"थांब," म्हणाले. "आत येऊ नकोस."

"काय?" काकू म्हणाल्या. नाशिकहून इतका प्रवास करून आलेल्या बाईला दारात असं म्हणायला मोठं काळीज लागतं. मला वाटलं, आता ही बॅग काकांच्या डोक्यात बसते.

काका आत पळाले. स्वयंपाकघरात डबे पडल्याचे आवाज आले. बाहेर आले ते एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात माझ्या सकाळच्या भाकरीचा तुकडा घेऊन. काकूंच्या पायांवर पाणी घातलं. तुकडा ओवाळला आणि दूर टाकला. मग घोषणेच्या सुरात म्हणाले, "नाशिकहून पाहुणे आलेत. मॅडम, बंब पेटवा."

काकू उंबऱ्याबाहेर तशाच उभ्या. ओल्या पायांकडे बघत होत्या. "लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर या दारात कुणी माझ्यासाठी उभं राहिलं ते आज." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाकरी जरा लांब टाकायची. कावळ्यांऐवजी मुंग्या लागतील."

टब भरला. काकू आत गेल्या, दार लागलं. काका ओटीवर खुर्चीच्या कडेला बसले, मी खोलीच्या दारात, अर्ज उशाशी उंच ठेवून. खिडकीची एक काच बसवायची म्हणून थांबलेला देवजी घरामागे गेला आणि पाणी जिथून बाहेर पडतं त्या पाईपापाशी उकिडवा बसला. आतून बराच वेळ काही ऐकू येईना. काका दर दोन मिनिटांनी उंबऱ्याकडे बघत होते, पाणी येतंय का. उंबरा कोरडा. मग आत पाण्याचा मोठा आवाज झाला. आणि स्वयंपाकघरातली घंटी वाजली. एक टोला. काका अर्धे उठले. थोड्या वेळाने दुसरा.

दोन टोले. इतक्या वर्षांत काकूंनी पहिल्यांदा दोरी ओढली होती. घरामागून देवजीचा आवाज आला, "आला पानी. मोरीतून आला." काका खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काकू सव्वा तासाने बाहेर आल्या. केस ओले, चेहरा गुलाबी, दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. टबाबद्दल चांगलं-वाईट काही बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसून केस पुसत विचारलं, "उद्या मला किती वाजताची लावताय?"

काका खडू शोधायला उठले. मागच्या फळ्यापाशी गेले आणि तसेच परत आले. "पाच पन्नासची," म्हणाले. "काढलीच नव्हती."

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण दारात पाऊल अडवल्याचा राग काकू विसरल्या नव्हत्या. संध्याकाळी काका नवा टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाले तर काकू दारात आडव्या. "बाहेरून येईल त्यालाच. मी आले तशी. बॅग घ्या, स्टँडवर जा आणि या." काकांनी वाद घातला नाही. तपकिरी बॅगेत एक पंचा टाकला, सुतळी बांधली आणि गेले. डेपोतल्या जुन्या सहकाऱ्याने विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, "घरी. आंघोळीला." परत आले तेव्हा काकू तांब्या-भाकरी घेऊन उभ्या होत्या. "कोण पाहिजे?" असंही विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी देवजीला पाठवलं. तो चार मिनिटांत आंघोळ करून आला. त्याच्यामागून मला. बॅग तीच. गल्लीतली माणसं बघत होती, या घरातले सगळे एकेक करून एकच बॅग घेऊन स्टँडवर जातात आणि अर्ध्या तासात परत येतात, ह्यांच्यात काय चाललंय. मी टबात चार बोटं पाणी घेतलं, मांडी घालून मधोमध बसले आणि तांब्याने आंघोळ केली. पाणी सोडून द्यायला जीव होईना म्हणून बादलीने उपसून काकूंच्या कारल्याच्या वेलाला घातलं. काका म्हणाले, हा टबाचा अपमान आहे. मी म्हटलं, असू दे.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली, गावाकडे. आनंद व्हायला हवा होता. निघायच्या दिवशी काकूंनी लोणच्याची बरणी बांधून दिली. आता दडपणाला साधा दगड होता. स्टँडवर माझं सामान गाडीत चढवून झाल्यावर काकांनी ती तपकिरी बॅग खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. सुतळी नवी होती. उचलून बघितली तर हलकी लागली.

"ही कशाला, काका?" मी विचारलं.

"असू दे," ते म्हणाले. "स्टँडवर जाऊन येणं फार जवळ पडतं. या वेळी जरा लांब जाऊन या."

आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा हात मारला.